उलटा आलेला आकडा

माझ्या काकांना सगळे दातेकाका म्हणतात, पण आमचं आडनाव दाते नाही. काका एका लहानशा वर्कशॉपमध्ये पितळी आणि पोलादी चाकांना दात पाडायचे, म्हणून दाते. हे नाव इतकं रुळलं होतं, की एकदा एक गृहस्थ सुजलेला गाल हातानं धरून थेट वर्कशॉपमध्ये शिरले. समोर मिलिंग मशीनचं फिरतं कटर आणि खाली सांडलेला धातूचा भुसा बघितला आणि म्हणाले, "आता बरं वाटतंय," आणि तसेच मागे फिरले.

काकांचं शिक्षण बेताचं. पण आकड्यांशी त्यांची ओळख पुस्तकातून झालीच नव्हती, ती हातातून झाली होती. चाकाला दात पाडायचे म्हणजे एका गोल तबकडीचे अगदी सारखे भाग करायचे. त्यासाठी मशीनवर एक डिव्हायडिंग हेड बसवलेलं असतं आणि त्याला भोकांच्या तबकड्या लागतात. दर दाताला हँडल किती भोकं पुढे सरकवायचं ते ठरवायचं, खिळी घालायची, दात कापायचा, की पुढचा. साठ दातांचं चाक असेल तर सुख असतं. साठला दोन भागतात, तीन भागतात, पाच भागतात, हाताशी असलेली कुठलीतरी तबकडी जुळतेच. एकसष्ट म्हटलं की पंचाईत. एकसष्टला एकसष्टशिवाय कुणी भागत नाही, म्हणून तबकडीही एकसष्ट भोकांचीच हवी, आणि ती नेमकी वर्कशॉपमध्ये नसते.

शेजारी शेजारी बसलेले दोन आकडे, एक इतका शहाणा आणि एक इतका आडमुठा, हे काकांच्या डोक्यात बसलं ते कायमचं. त्यांनी आकड्यांच्या आपल्यापुरत्या जाती पाडल्या होत्या. बारीक बारीक तुकड्यांत फुटतो तो मऊ. अजिबात फुटत नाही तो टणक. आणि वरून मऊ दिसतो, एकदोन तुकडे पडतातही, पण आत कुठेतरी मोठा न फुटणारा गोळा निघतो, तो गाठीचा. लाकडात असते ना, तशी गाठ. रस्त्यानं जाताना गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचत ते जायचे आणि मध्येच म्हणायचे, "ही टणक गेली बघ." बरोबरच्या माणसाला वाटायचं, पत्र्याबद्दल बोलतायत.

या काकांच्या आयुष्यात एक पाचआकडी संख्या आली, आणि ती उलटी आली. त्याचीच ही गोष्ट आहे.

गावाबाहेरच्या टेकडीवर वेधशाळा होती. तिथल्या पाहुण्यांच्या दालनात एक मोठं घड्याळ बसवायचं ठरलं. वेळ दाखवायचीच, शिवाय वर एक अर्धा काळा, अर्धा पांढरा गोळा फिरता ठेवून चंद्राची कलाही दाखवायची. घड्याळाचा बाकीचा भाग तयार मिळणार होता. चंद्राची चाकं मात्र कुणीतरी मुद्दाम कापून द्यायला हवी होती. त्यासाठी वेधशाळेत आकडेमोड करणाऱ्या एक बाई वर्कशॉपमध्ये आल्या. पंचविशी ओलांडलेल्या, उंच, खांद्याला कापडी पिशवी. मालकांनी त्यांना काकांकडे पाठवलं.

"तुम्हीच दाते?" बाईंनी विचारलं.

"म्हणतात तसं," काका म्हणाले.

बाईंनी काम समजावून सांगितलं. चंद्राचा एक फेरा, म्हणजे अमावास्येपासून अमावास्येपर्यंत, साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त असतो. हे 'किंचित' दशांश चिन्हापुढे लांबच लांब जातं. चाकांना दशांश कळत नाही, त्यांना अख्खे दात लागतात. म्हणून अशी जोडी शोधायची, की अमुक दिवसांत चंद्राचे बरोबर तमुक फेरे. वरचा आकडा दिवसांचा, खालचा फेऱ्यांचा. मग दोन्ही आकडे फोडायचे आणि त्या तुकड्यांची चाकं करायची.

"सगळे करतात ती जोडी एकोणसाठ दिवसांत दोन फेऱ्यांची," काका म्हणाले. "अशी चाकं मी केली आहेत."

"ती तीन वर्षांच्या आतच एक दिवस चुकते."

"मग नऊशे पंचेचाळीस दिवसांत बत्तीस. तीही केली आहेत. एकदम मऊ आकडा. तीन तीनदा, एक पाच, एक सात."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस आकडा फोडून सांगतोय याचं त्यांना नवल वाटलं असावं. मग त्या म्हणाल्या, "नऊशे पंचेचाळीसची एक गंमत माहीत आहे? ज्या ज्या आकड्यांनी त्याला भाग जातो, त्यांची बेरीज करा. तो स्वतः सोडून."

काकांनी तिथल्या तिथे पत्र्याच्या तुकड्यावर बेरीज केली. नऊशे पंच्याहत्तर आली. "मूळ आकड्यापेक्षा जास्त," ते म्हणाले.

"सम आकड्यांत असे पुष्कळ सापडतात. बारा घ्या, अठरा घ्या. विषम आकड्यांत एकपासून शोधत निघालात, तर असा पहिला भेटतो तो हाच."

"म्हणजे त्याच्या आधीचा एकही विषम नाही?"

"एकही नाही."

काका मला सांगायचे, की त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं, आकड्यांच्या जाती पाडणारं जगात आणखीही कुणी आहे. ती माणसं दातांसाठी पाडत नाहीत, नुसतीच पाडतात.

पण नऊशे पंचेचाळीसची जोडीसुद्धा सव्वाशे वर्षांच्या आसपास एक दिवस चुकते, आणि वेधशाळेला त्याहून चांगली हवी होती. खरी पंचाईत पुढे होती. चंद्राच्या फेऱ्याला अगदी चिकटून जाणाऱ्या ज्या जोड्या बाईंनी गणितानं काढल्या होत्या, त्यांचे वरचे आकडे एकजात आडमुठे. १४४७ दिवसांत ४९ फेरे, पण १४४७ टणक. त्याच्याही पुढची जोडी २५१०१ दिवसांत ८५० फेरे, अगदी देखणी. पंचवीस हजार एकशे एकला तीननं भाग जातो, पुन्हा तीननं जातो, काका खूश झाले, आणि आत निघाली २७८९ ची गाठ. दोन हजार सातशे एकोणनव्वद दातांचं चाक करायचं, तर घड्याळापेक्षा चाकासाठीच इमारत बांधावी लागली असती. काकांना तर मापाप्रमाणे एकशेतीसच्या वर दात चालणार नव्हते.

तेव्हा मग दोघांनी काम वाटून घेतलं. बाई हाताशी असलेल्या जोड्यांची बेरीज करत मधल्या मधल्या नव्या जोड्या काढणार. खालचा आकडा मऊ आहे की नाही ते त्या स्वतः बघणार. तो चालण्यासारखा असेल तरच वरचा आकडा काकांना फोनवर सांगणार आणि काका तो फोडून बघणार. तशी बाईंना मदतीची गरज नव्हती. पण काकांनी आपण होऊन मागून घेतलं. "दुपारी जेवण झालं की मला अर्धा तास असतो," ते म्हणाले. "बाकीचे पत्ते खेळतात. मी आकडे फोडीन."

वर्कशॉपचा फोन मालकांच्या टेबलावर असायचा. फोन आला की मालक हात वर करायचे आणि सगळी मशीनं बंद व्हायची, कारण त्याशिवाय काही ऐकूच येत नसे. काका डाव्या हातात रिसीव्हर धरून उजव्या हातानं आकडा लिहून घ्यायचे. ४८४३ आला, त्यात १६७ ची गाठ निघाली. १०६३१ आला. बाई म्हणाल्या, याचा खालचा तीनशेसाठ अगदी लोण्यासारखा आहे, काहीतरी करा. काकांनी चार दुपारी घालवल्या, पण तो ठार टणक. ६२९० आला आणि पहिल्याच दुपारी फुटला. दोन, पाच, सतरा, सदतीस. खाली २१३, म्हणजे तीन आणि एकाहत्तर. सहा हजार दोनशे नव्वद दिवसांत दोनशे तेरा फेरे. ही जोडी अकराशे वर्षांत एक दिवस चुकणार होती.

"ही धरून ठेवू," बाई फोनवर म्हणाल्या. "पण मला आणखी एक दिसतेय, तिच्याहून कितीतरी चांगली. आकडा घ्या. खालच्याची काळजी नको, तो मी बघितला."

काकांनी घेतला. तीन, एक, तीन, नऊ, एक. एकतीस हजार तीनशे एक्याण्णव.

त्या आकड्यानं काकांच्या नाकी नऊ आणले. तीननं जाईना, कारण अंकांची बेरीज सतरा. सातनं जाईना. अकरानं जाईना, तेरानं जाईना. एखादा आकडा फुटणार असेल तर त्याचा एक तरी तुकडा वर्गमुळाच्या आत सापडतोच, हे काकांना अनुभवानं ठाऊक होतं. इथे वर्गमूळ एकशे सत्त्याहत्तरच्या जवळ येत होतं. म्हणजे तिथवरचा एकेक टणक आकडा घेऊन भाग घालून बघायचा, असे चाळीसेक भागाकार. पत्ते खेळणाऱ्यांनी आधी चेष्टा केली. मग त्यांनाही गोडी लागली. रोज कुणीतरी विचारायचं, "आज कुठवर?" काका सांगायचे, "त्र्याहत्तर झाला, बाकी एक उरली." "अरेरे, एकच?" असं म्हणून ती माणसं खरोखर हळहळायची. त्रेचाळीसलाही बाकी एकच उरली होती. एकशेनऊला तर एक कमी पडला. शेवटी एकशे त्र्याहत्तरनं भाग घातला, बाकी अठ्ठ्याहत्तर, आणि काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

खरं तर त्यांना इतकं जायची गरज नव्हती. एवढा वेळ लागतोय तर मऊ नसणारच, हे अर्ध्या वाटेवर कळलं होतं. पण आतापर्यंत त्यांनी स्वतःच्या हातानं टणक ठरवलेला हा सगळ्यांत मोठा आकडा होता, आणि तो अर्धवट सोडायचा त्यांना धीर झाला नाही.

त्यांनी वेधशाळेला फोन केला. "बाई, तो शेवटचा आकडा फुटत नाही. टणक आहे. मी शेवटपर्यंत गेलो."

आतापर्यंत काकांचा एकही निकाल चुकला नव्हता, त्यामुळे बाईंनी पुन्हा तपासलं नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग सहा हजार दोनशे नव्वदची चाकं कापा."

चाकं कापायला घेतली. लहान चाकांनाही पुरेसे दात मिळावेत म्हणून जोडीचे दोन्ही आकडे पन्नासपट करून घेतले. चौऱ्याहत्तर, पंच्याऐंशी आणि पन्नास दातांची तीन, आणि त्यांना फिरवणारी एकाहत्तर, पंधरा आणि दहा दातांची तीन. एकाहत्तर टणक असल्यानं त्याची भोकांची तबकडी काकांनी स्वतः तयार केली. पत्र्याच्या लांब पट्टीवर सारख्या अंतरावर एकाहत्तर भोकं पाडायची आणि ती पट्टी एका गोल ठोकळ्याभोवती बरोबर टोकाला टोक लागेल अशी गुंडाळायची. ठोकळा केसभर जाड झाला तर टोकं जुळत नाहीत आणि बारीक झाला तर एकावर एक चढतात. बाईंनी हे काम फोनवर ऐकलं आणि त्यांना ते बघायची इच्छा झाली. चाकं पूर्ण होत आली तेव्हा एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या वर्कशॉपमध्ये आल्या.

काकांनी स्टूल पुसून दिलं, मालकांनी चहा मागवला. बाईंनी पितळी चाकं हातात घेतली, एकेका दातावरून बोट फिरवलं. काका शेजारी उभे राहून सांगत होते. बोलता बोलता ते म्हणाले, "या चाकांना काही त्रास पडला नाही. त्रास दिला तो तुमच्या एकतीस हजार तीनशे एक्याण्णवनं. पंधरा दिवस दुसरं काही सुचलं नाही."

बाईंचं बोट दातावरच थांबलं. "कुणी?"

"एकतीस हजार तीनशे एक्याण्णव. तुमचा शेवटचा आकडा."

"असा आकडा मी दिलाच नाही," बाई म्हणाल्या. "तेवढ्यावर मी पोचलेच नव्हते. माझा शेवटचा एकोणीस हजार तीनशे तेरा."

काकांनी भुशानं माखलेल्या टेबलावर बोटानं दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. ३१३९१. १९३१३. पत्ते खेळणारे उठून मागे येऊन उभे राहिले.

"उलटा घेतलात तुम्ही," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

काकांनी पेन्सिल घेतली आणि १९३१३ ला भाग घालायला सुरुवात केली. तीननं जाणार नव्हता, अंक तेच, बेरीज तीच. सातनं घातला आणि बाकी उरली नाही. सत्तावीसशे एकोणसाठ आले. ते पुढे सात, अकरा, तेरा, सतरा असे सरकत एकतीसपर्यंत गेले, आणि पुन्हा बाकी उरली नाही. आले एकोणनव्वद. सात, एकतीस, एकोणनव्वद. एकशेतीसच्या आतले तिन्ही.

"आणि खाली?" काकांनी विचारलं.

"सहाशे चोपन्न. दोन, तीन आणि एकशेनऊ."

"होतंय की मग." काका म्हणाले. "किती वर्षांत चुकतो?"

"दहा हजार वर्षांत एक दिवस. तोवर चंद्राचाच फेरा इतका बदललेला असेल, की चूक कुणाची ते ठरवता येणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "पण अंक तेच असताना एक फुटतो आणि एक फुटत नाही, हे कसं?" बाईंना तो प्रश्न आवडला. त्या म्हणाल्या, "तीन, नऊ आणि अकरा यांना दिशा कळत नाही. आकडा सुलटा वाचा नाहीतर उलटा, त्यांचा भाग एकीकडून गेला तर दुसरीकडूनही जातो. सातला दिशा कळते." मग त्यांनी ३१३९१ कडे बोट केलं. "आणि हा खरंच टणक निघाला?"

"खरंच," काका म्हणाले. "तेवढं मी सांगू शकतो."

बाई हसल्या. पण लगेच त्यांच्या चेहऱ्यावर विचार आला. "मी फोनवर आधीच सांगितलं होतं, एकंपासून सांगते म्हणून. बेरीज करत होते ना, एकंकडून अंक येत होते तसे देत गेले. तुम्हाला ते ऐकू आलं नाही?"

"मशीनं चालू असतील," काका म्हणाले.

मालक चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "फोन असला की मशीनं बंद असतात."

वर्कशॉपमधल्या सगळ्यांना ते आधीपासून माहीत असावं आणि कुणी बोलून दाखवलं नसावं. काकांच्या डावीकडे गेली कित्येक वर्षं पत्रा कापायची मोठी कात्री चालत आली होती. डावा कान हळूहळू जात होता, आणि फोन ते त्याच कानाला धरायचे. सावकाश, मोठ्यानं सांगितलेले अंक त्यातून पोचायचे, आधीचं भरभर बोललेलं वाक्य पोचलं नव्हतं. काकांनी हे घरी सांगितलं नव्हतं, मालकांना सांगितलं नव्हतं. कान गेलेला माणूस मशीनवर ठेवत नाहीत, ही त्यांना धास्ती होती.

बाई स्टुलावरून उठल्या, काकांच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चूक माझीही आहे. आकडा सांगून झाल्यावर परत म्हणवून घ्यायला हवा होता." मग जरा थांबून विचारलं, "या बाजूनं ऐकू येतंय ना?"

"येतंय," काका म्हणाले.

माझ्या आजीला, म्हणजे काकांच्या आईला, नंतर हे कळलं तेव्हा ती काकांना फक्त एवढंच म्हणाली, की त्या मुलीला जेवायला बोलव.

प्रश्न चाकांचा उरला होता. सहा चाकं तयार होती, दालनाच्या उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. बाईंनी संचालकांना सगळं सांगितलं. संचालक भला माणूस. त्यांनी विचारलं, "अकराशे वर्षांत एक दिवस आणि दहा हजार वर्षांत एक दिवस, यातला फरक दालनात उभं राहणाऱ्या माणसाला दिसेल का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला दिसेल?"

"मलाही नाही."

"मग का बदलायचं?"

पण बाई आणि काका, दोघांच्याही डोक्याला भुंगा लागला होता. शेवटी असं ठरलं, की उद्घाटनाला तयार चाकंच बसवायची आणि वर्षानं घड्याळ सफाईसाठी उघडेल तेव्हा, नवी चाकं झालेली असतील तर, तीही बसवून बघायची. मालकांनी काकांना रविवारी मशीन वापरायची परवानगी दिली. वर ताकीद दिली, "आधी कान दाखवून ये. मग मशीनला हात लाव."

बाईच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डावा कान परत येणार नव्हता. उजवा चांगला होता आणि जपला तर राहणार होता. मालकांनी काकांना काढलं नाही. कात्री भिंतीपलीकडे हलवली आणि सगळ्यांना कानांवर लावायच्या टोप्या आणल्या. इतके दिवस हे आपल्याला का सुचलं नाही, असं मालक पुढे बरेच दिवस स्वतःशीच म्हणत राहिले.

मग रविवारचं काम सुरू झालं, आणि बाईही दर रविवारी येऊ लागल्या. एकशेनऊ आणि एकोणनव्वद, दोन्ही टणक. दोन्हींच्या पट्ट्या नव्यानं करायच्या. एकशेनऊची पट्टी तीनदा फसली. तिसऱ्या वेळी बाईंच्या लक्षात आलं, की सकाळी मोजलेला ठोकळा दुपारी उन्हाच्या झोतात किंचित फुगतो. त्यांनी खिडकीला जाड कापड लावलं आणि चौथी पट्टी टोकाला टोक जुळून बसली. काका म्हणायचे, ती पट्टी जुळली तेव्हा त्यांच्या मनानं काहीतरी पक्कं केलं. बाई म्हणायच्या, माझं त्याच्या कितीतरी आधी झालं होतं, तुम्हाला ऐकू आलं नाही.

वर्षानं घड्याळ उघडलं, जुनी सहा चाकं निघाली, नवी सहा बसली. चंद्राचा गोळा त्या दिवशीच्या कलेवर लावला आणि घड्याळ पुन्हा सुरू झालं. दालनात तेव्हा शाळेची सहल आली होती. कुणाला काही फरक दिसला नाही. काका आणि बाई मात्र संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकावर बसून होते. रखवालदारानं हटकलं तेव्हा उठले.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी नोंदणी करून लग्न केलं. तिथल्या कारकुनानं काकांचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा बाईंनी आजूबाजूला पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा नंबर लागला की काय म्हणून. इतके दिवस त्या काकांना दातेच समजत होत्या. "सही करू ना मग?" त्यांनी काकांना विचारलं आणि केली. तेव्हापासून त्या माझ्या काकू.

जुनी सहा चाकं वाया गेली नाहीत. काकांनी ती एका फळीवर बसवली, एका बाजूला हँडल आणि दुसऱ्या बाजूला काळापांढरा रंगवलेला लाकडी चेंडू. आम्ही भावंडं ते हँडल फिरवत मोठी झालो. एक फेरा म्हणजे एक दिवस. महिना पुरा करायचा म्हणजे हात दुखून यायचा, आणि तेवढ्यात धाकटा भाऊ उलटं फिरवून चंद्र मागे न्यायचा. मी काकूला विचारलं होतं, सगळी चाकं पुन्हा पहिल्या जागी यायला किती वेळा फिरवायचं? तिनं उत्तर सांगितलं नाही. "शोधून काढ," म्हणाली. मी काढलं, त्यात माझी एक अख्खी सुट्टी गेली, आणि मला वाटतं मी पुढे जे काही शिकले त्याची सुरुवात तिथे झाली.

दोघांच्या संसारात एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. चांगला आकडा कोणता? काकूचा जीव १९३१३ वर. तो फुटतो तरी नीट फुटतो, एकही तुकडा पुन्हा येत नाही. शिवाय सात आणि एकतीस हे दुपटीच्या माळेतल्या आठ आणि बत्तीसच्या बरोबर एक मागे उभे, आणि एकोणनव्वद अशा माळेतला जिथे आधीचे दोन मिळवले की पुढचा येतो. काका म्हणायचे, "ते सगळं खरं, पण कामाचा आकडा तो कामाचा आकडा. ३१३९१ चुकून आला, त्याचा कुणाला उपयोग नव्हता, आणि तरी तो टणक होता. मी तपासलं नसतं तरी तो टणकच असता." काकू यावर म्हणायची, "बघा, शिकवलेलं नसताना काय बोलतात."

आता काका सत्तरीच्या पुढे आहेत. वर्कशॉप सुटून बरीच वर्षं झाली. उजवा कानही आता मंद झालाय, त्यात ऐकण्याचं यंत्र आहे. वेधशाळेनं दालनात मोठे पडदे लावले, पण घड्याळ काढलं नाही, आणि त्यातला चंद्र बरोबर आहे. दर वर्षी काका आणि काकू एकदा जाऊन बघून येतात, खिडकीतून खरा दिसत असेल तर ताडूनही बघतात.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरलेले, काका चष्मा कपाळावर चढवून बसलेले. काकूनं त्यांना नवा आकडा दिला होता. चंद्राच्या एका फेऱ्यात सेकंद किती, जवळचा पूर्ण आकडा धरून. पंचवीस लाख एक्कावन्न हजार चारशे त्रेचाळीस. तीननं भाग गेला होता आणि आठ लाख पन्नास हजार चारशे एक्याऐंशी उरले होते.

"मऊ की टणक?" मी विचारलं.

"शंभरीपर्यंत कुणी लागू पडलेला नाही," काका म्हणाले. "नऊशे बावीसपर्यंत जायचंय."

मी खिशातून फोन काढला. काकूनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "तुला बघायचं असेल तर घरी जाऊन बघ," ती म्हणाली. "आम्हाला सांगू नकोस."

मी अजून बघितलेलं नाही. काकांनी नवा कागद पुढे ओढला आणि काकूला विचारलं, "एकशेएक धरू?" तिनं त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची सरकवली आणि म्हणाली, "धरा."